पुणे रोडच्या बाजूची खिडकी

सोपान, मरायला तुला हीच वेळ सापडली का?

केडगावचं काम अर्धवट आहे, अक्षय्यतृतीयेचं उद्घाटन तोंडावर आलं आहे, भाऊसाहेब सकाळ-संध्याकाळ फोन करून माझं डोकं खातात, आणि तू दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. "ताई, हे उठेनात," एवढंच कल्पना फोनवर म्हणाली. मला वाटलं, नेहमीसारखा घोरत पडला असशील. दुपारच्या झोपेतून तुला उठवायला तोफ लागते, हे तुझी बायको आणि मी, आम्हा दोघींनाच ठाऊक. मी म्हटलं, "पाणी मार तोंडावर." हे मी तुझ्या बायकोला बोलले. ते वाक्य आता जन्मभर माझ्याजवळ राहणार आणि त्यालाही तूच जबाबदार आहेस.

सगळे म्हणतात, मंजिरी, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही, संताप येतो. सावेडीतल्या आपल्या ऑफिसात शिरलं की तुझं टेबल दिसतं. त्यावर विटेचे तुकडे, मातीच्या पुड्या, वाळलेल्या उंबराच्या फांदीचा एक दांडका. तो दांडका कशासाठी ठेवला होतास? किती वेळा विचारलं. "लागंल," म्हणायचास. आता मी तो टाकूही शकत नाही आणि ठेवूनही उपयोग नाही.

आपली पाटी लागली, इमारत तुझी आणि आतली सजावट माझी, तेव्हा लोकांनी काय काय तर्क केले होते, आठवतं? बाई-बाप्याची दोन नावं एका पाटीवर, आणि दोघं नवरा-बायको नाहीत, हे पचायला नगरला बराच वेळ लागला. आमच्या दादांना तर वाटत होतं, लेकीनं पुण्याला जाऊन बऱ्यापैकी नोकरी धरावी. शिक्षकाचं घर, त्यांना धंदा म्हटलं की धडकी भरायची. तू अकोले तालुक्यातला, भातशेतीतला, कॉलेजात धड बोलायचाही नाहीस. एक दिवस दारात येऊन उभा राहिलास आणि दादांसमोरच म्हणालास, "बाई, नगरला बसू. पुन्याला आधीच लई झालेत." मला बाई म्हणणारा तू पहिला. तेव्हा मी तेवीस-चोवीसची होते! पण दादा हसले. तुझ्या त्या एका वाक्यावर माझं आयुष्य नगरला बसलं, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण तू तशी संधीच दिली नाहीस. रोज काहीतरी भांडण काढून ठेवायचास.

तुझी ती खुर्ची. लाल प्लास्टिकची, एक हात तुटलेली. नवं काम आलं की मी म्हणायची, चल, निदान चार रेघा मारून दाखवू गिऱ्हाइकाला. तू खुर्ची उचलून प्लॉटवर. "जागेवर एक दिवस बसल्याबिगर कागदावर रेघ मारायची न्हाई." मग उन्हात तू एकटा. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, आणि प्रत्येक वेळी खुर्चीच्या पायाशी पाया आखायच्या पांढऱ्या फक्कीची खूण करायची. वारा कुठून आला, किती वाजता पडला, कुत्री कुठं जाऊन झोपली, हे सगळं बघत बसायचं. संध्याकाळी प्लॉट असा दिसायचा की कुणी दारू पिऊन रांगोळी काढली असावी. एका गिऱ्हाइकाच्या आईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्यो इंजिनेर हाय का राखण्या?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तू मात्र खूश. म्हणालास, "राखण्याच हाय. सावलीचा."

बरं, तुझ्या वाऱ्यापायी मी काय काय निस्तरलंय ते तरी आठव. एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचं ऑफिस. मालकाला 'ग्रीन' ऑफिस पाहिजे होतं, म्हणजे भिंतीवर प्लास्टिकचं गवत आणि आत चार एसी. तू त्याला समोरासमोर खिडक्या दिल्यास, वाळ्याचे पडदे दिलेस, एसी एकच ठेवलास, तोही कॉम्प्युटरसाठी. वारा खरंच आला. इतका आला की हिशेबनीसांचे कागद पार गेटपर्यंत उडाले. बिचाऱ्यांनी प्रत्येक फायलीवर एकेक दगड ठेवला. मालक चिडून तुला दाखवायला घेऊन गेला तर तू म्हणालास, "दगड इथलेच आहेत ना? मग झालं. स्थानिक साहित्य." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नंतर त्यांच्या खिडक्यांना आडव्या फळ्या बसवून मी तो वारा टेबलाखालून वळवला. तिथली माणसं आजही दुपारी पंखे बंद ठेवतात. मालकानं पुढं दोन कामं दिली. पण माझी अब्रू गेली ती गेलीच.

आणि भंडारदऱ्याकडचं ते पाहुण्यांसाठीचं घर. दगडाच्या भिंती, कुडाचे आडोसे, सगळं दृष्ट लागण्यासारखं. मुंबईची मंडळी आली आणि न्हाणीत बेडूक निघाला. त्या बाईंनी मलाच फोन लावला. तुला सांगितलं तर म्हणे, "बेडूक आधीचे रहिवासी आहेत. पाहुण्यांनी दार वाजवून जावं." असं गिऱ्हाइकाला बोलतात का रे? उंबऱ्याला रबरी पट्टी लावायला मीच घाट चढून गेले.

असो. केडगावचं बोलते, कारण तेच माझ्या गळ्यात बांधून गेला आहेस.

तुला नव्यानं सांगायला नको, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय राग नीट येत नाही. पुणे रोडवर भाऊसाहेबांचा जुना ढाबा. त्या जागी त्यांना तीन मजली इमारत पाहिजे होती. खाली हॉटेल, मधल्या मजल्यावर भाड्यानं द्यायला ऑफिसं, वर मुक्कामाच्या खोल्या. त्यांच्या डोक्यात काचेचा चकाकता डबा होता, पुण्यात बघितलेला. तू त्यांना खुर्चीवर बसवलंस दिवसभर! साठीच्या माणसाला! ते बसले, कारण तू अकोल्याचा आणि त्यांची सासुरवाडी अकोल्याची. संध्याकाळी उठले ते कबूल होऊनच. इमारतीच्या मधोमध उघडा चौक. काळ्या दगडाची फरशी, एक लहानसा हौद. तिन्ही मजल्यांची दारं चौकाकडं. पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, जमिनीलगत गुडघ्याएवढ्या उंचीची लांबच लांब खिडकी. तिथून वारा आत येणार, हौदावरून सरकणार, तापलेली हवा चौकातून वर निघून जाणार. "वारा डोक्यावरून दिला तर नुसतं कॅलेंडर हलतं," हे तुझं वाक्य. "पायाखालून दिला तर मानूस हलतो."

आणि इथं आपलं वाजलं. कारण त्याच पश्चिमेच्या भिंतीला आतून माझी भिंत येणार होती. पाडलेल्या गोदामाचं जुनं सागवान मी कुठून कुठून हुडकून आणलं होतं, काळपट, खिळ्यांच्या डागांसकट. चौकातून हॉटेलात पाऊल टाकलं की समोर गल्ला आणि त्याच्या मागं ती सलग लाकडी भिंत, जमिनीपासून छतापर्यंत. नवीन लाकडाची एक फळी नाही. मी तुला म्हटलं, तुझी खिडकी माझ्या भिंतीचे पाय कापते.

"कापू दे," तू म्हणालास.

"आणि रस्त्याची धूळ? ट्रकांचे हॉर्न? तुझ्या वाऱ्याबरोबर पुणे रोड आत येईल, सोपान. लोकांच्या डाळीत पडेल."

"धूळ काय, पुसता येती. वारा पुसून येतो का कुठं?"

"तू पुसणार आहेस का रोज?"

"लई शानी झाली व्हय गं!" तू ओरडलास. तू गावाकडचं बोलायला लागलास की मला कळायचं, आता मुद्दे संपले. मीही कमी नाही. मी म्हटलं, तुला वारा कळतो, माणसं कळत नाहीत. हे मात्र मी जरा जास्तच बोलले, पण तूही मला 'फळ्यावाली' म्हणालास. मग आपण त्या विषयावर बोलणंच टाकलं. चहा एकत्र, बाकी सगळी कामं एकत्र, फक्त केडगाव म्हटलं की दोघंही खिडकीबाहेर बघायचो. शेवटी शेवटी तर साइटवरही एकमेकांची वेळ टाळून जात होतो. मला वाटायचं, तू रागानं टाळतोयस.

त्यातच तू गेलास.

राख सावडून दोन दिवस होत नाहीत तोवर भाऊसाहेबांचा फोन. आधी हळहळले, मनापासून. मग खाकरले. "मॅडम, साहेब लई मोठं मानूस. त्यांच्या शब्दाखातर म्या चौक उघडा ठिवला. पन आता साहेबच न्हाई, तर आपन वरून फायबर टाकून झाकून घिऊ. खाली एसी बसवू. काय हुतंय?" काय होतंय! चौक झाकला की तुझ्या इमारतीत राहिलं काय? ऑफिसांची दारं त्या कोंडीत उघडणार, वरच्या खोल्या भट्ट्या होणार, आणि दिवसभर एसी भणभणणार. त्यांना पाहिजे होता तोच डबा, फक्त काच कमी. तुझं शेवटचं काम, आणि ते डबा होऊन उभं राहणार. मी म्हटलं, दहावा होऊ द्या, मग बोलू.

दहावा तुझ्या गावाला झाला, प्रवरेच्या काठी. मांडव घातला होता तोही उलटा, वाऱ्याकडं पाठ करून. सगळी माणसं घामानं निथळत होती, आणि मला सारखं वाटत होतं की तू आता उठशील आणि बांबू हलवायला लावशील. पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं तुला 'तालुक्याचे नामवंत इंजिनिअर' म्हटलं, दुसऱ्यानं 'धरणाच्या कामात मोलाचा वाटा उचलणारे'. तू कुठल्या धरणाच्या वाटेलाही गेला नव्हतास! मी कल्पनाकडं बघितलं, तिनं पदर तोंडात कोंबला. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

मग पिंड ठेवला. मी मनाशी म्हटलं, आता बघू. आता अडणार हा. कावळा शिवणार नाही, तास तास लोक ताटकळतील, कल्पना मुलांच्या शिक्षणाचं बोलेल, तुझा भाऊ जमिनीचं बोलेल, आणि कावळा बसेल उंबरावर ढिम्म. मग मी पुढं होऊन म्हणेन, सोपान, केडगावचा चौक झाकू देणार नाही. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं रे! आणि गुरुजी दोन पावलं मागं सरतात न सरतात तोच कावळा खाली. घासावर घास. "काय मोकळा जीव," म्हातारी माणसं म्हणाली. "काय म्हंजी काय मागं ठिवलं न्हाई."

काही मागं ठेवलं नाही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौक राहिला होता. खिडकी राहिली होती. इतके महिने माझं डोकं उठवलंस त्याचं काय? तुझ्या लेखी ते भांडण एवढंसंही उरलं नव्हतं? परत येताना संगमनेरपर्यंत मी गाडीत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी साइटवर बोलावलं. फायबरवाला माप घ्यायला येणार होता. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. आमच्या बबन मिस्त्रीची माणसं गिलावा उरकत होती. भाऊसाहेब चौकाच्या मधोमध उभे होते, टोपीनं वारा घेत. "या मॅडम. उभ्या ऱ्हा हितं. सांगा, येतोय का कुठून वारा?"

मी उभी राहिले. सोपान, काही म्हणजे काही येत नव्हतं. हौदातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात आचाऱ्यानं मिरचीची फोडणी टाकली, नमुन्याचा रस्सा चालला होता, आणि तिचा लोट उत्तरेकडून थेट चौकात. भाऊसाहेब खोकून खोकून लाल झाले. "ह्यो का तुमचा वारा?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. वाऱ्याच्या बाबतीत तू चुकलास, हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते बघून मला आनंद झाला नाही.

मी माझ्या भिंतीकडं गेले. आता इथं तुला एक सांगायचं आहे, जे मी तुला अक्षय्यतृतीयेच्या दिवशी, सगळ्यांसमोर, अगदी तुझी जिरवून सांगणार होते. होळीनंतर एकदा मी साइटवर तुझी वाट बघत होते. तू नेहमीप्रमाणे उशीर केलास. बसायला तुझी ती लाल खुर्ची सोडून काही नव्हतं. माझी भिंत अजून लागली नव्हती, तुझी खिडकी मात्र तयार होती. मी बसले. पायांना वारा लागला. इतका गार, इतका हळू, की मला बसल्या बसल्या झोप लागली. मी, भर दुपारी, साइटवर! जागी झाले तेव्हा दातांवर धूळ होती आणि अंग हलकं झालं होतं. त्याच आठवड्यात मी सुताराला सांगून माझी भिंत खालून कापली. गुडघ्याच्या उंचीपर्यंत फळ्या काढल्या आणि तिथं लाकडी जाळी बसवायला लावली, तुझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर. तुला कळलं असतं तर पेढे वाटले असतेस, म्हणून गुपचूप.

तर मी त्या जाळीशी वाकले. आत हात घातला. हाताला गिलावा लागला. ओला, नवा गिलावा.

"बबन! इथली खिडकी कुठं गेली?"

"बुजवली की," बबन म्हणाला. "साहेबांनीच सांगितलं. म्हनले, मॅडमची भिंत सलग पायजे, खिडकी आड येती. वारा आपन उत्तरंकडून घिऊ. तिकडं मोठं भगदाड ठिवलंय."

उत्तरेकडं. म्हणजे स्वयंपाकघराच्या अंगाला. म्हणून मिरची.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"साहेब म्हनले, बाईला सांगू नको. कळलं तर डोक्यावर मिऱ्या वाटंल."

"अरे, पण मी जाळी करून घेतली ती तुला दिसली ना? मग साहेबांना तरी सांगायचं!"

बबननं कान खाजवला. "तुमी बी म्हनला हुता न्हवं, साहेबाला कळू देऊ नको म्हून? दोगांनी बी तोंड बंद ठेवाया लावलं, म्या ठिवलं. मला वाटलं, तुमचं आपसात काय तरी ठरलं आसंल. शिकल्याली मानसं तुमी."

शिकलेली माणसं! मी त्या फरशीवर फतकल मारून बसले. वीसेक वर्षं आपण एकमेकांचं ऐकलं नाही. रंगाचं नाही, विटेचं नाही, दाराच्या कडीचं नाही. आणि पहिल्यांदा ऐकायला निघालो ते दोघं एकाच वेळी, एकमेकांना चुकवून. तू माझ्यासाठी खिडकी बुजवलीस, मी तुझ्यासाठी भिंत कापली. आता माझी जाळी भिंतीकडं बघतेय आणि तुझं भगदाड मिरचीकडं. असला मूर्खपणा आपल्याशिवाय कुणी करेल का रे? मला हसू आलं. जोरजोरात हसले. बबन घाबरून पाणी आणायला पळाला. मग जे हसू होतं त्याचं रडं झालं, इतक्या दिवसांचं, भाऊसाहेबांसमोर, फायबरवाल्यासमोर, नाक-डोळे एक होऊन. मोकळी हो, मोकळी हो म्हणत होते ना सगळे. झाले.

बबननं तांब्या दिला आणि उकिडवा बसला. त्याला बहुतेक वाटलं, आपलं काही चुकलं. म्हणाला, "साहेब सुताराकडं आल्ते, मॅडम, फळ्या बघाया. लई येळ उभं हुते. हात फिरवीत हुते. मंग म्हनले, आसली भिंत मला ह्या जल्मी जमायची न्हाई. ही कापायची म्हंजी पाप हाय."

सोपान, हे तू बबनला सांगितलंस?

मला सांगायला काय धाड भरली होती? इतकी वर्षं प्रत्येक कामाच्या शेवटी मी तुझ्या तोंडाकडं बघायची. तू भिंती बघायचास, फरशी बघायचास, मान हलवायचास आणि म्हणायचास, "बरं हाय." बरं हाय! कल्पनाच्या आमटीला सुद्धा तू याहून चांगलं बोलतोस. मला वाटायचं, ह्याच्या लेखी मी फळ्यावालीच. माझं काम म्हणजे ह्याच्या इमारतीला घातलेलं झबलं. आणि तू तिकडं गावभर, सुतारांना, मिस्त्रींना सांगत फिरतोस. कुणाकुणाला काय काय सांगितलंयस ते आता मी कुठं विचारत फिरू?

मी उठले. "बबन, हा गिलावा फोड. खिडकी होती तशी उघडी कर. आणि उत्तरेचं भगदाड बुजव."

बबन हलला नाही. "मॅडम, साहेबांनी शेवटचं सांगितल्यालं काम हाय ते. ते फोडायचं?"

हे मात्र काळजात गेलं. क्षणभर मलाही वाटलं, राहू दे. गेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द. माझी जाळी फळ्यांनी बंद करावी, भिंत सलग करावी, तू दिलंस ते दोन्ही हातांनी घ्यावं. बाई जिंकली. मग वरून फायबर, खाली एसी. माझ्या भिंतीपुढं लोक फोटो काढतील आणि तुझी इमारत मरेल. असलं जिंकणं घेऊन मी काय करू?

"फोड," मी म्हटलं. "साहेब जन्मात एकदा माझ्यापुढं नमले, आणि तेही नको त्या जागी."

भाऊसाहेब पुढं आले. "आवो मॅडम, फायबरवाला थांबलाय."

"त्याला चहा पाजा. आणि तुम्ही बसा इथं." मी लाल खुर्ची ओढून चौकात ठेवली. त्यांना वाद घालायचा होता, पण रडून उठलेल्या बाईशी वाद घालायला गडी जरा बिचकतातच. बसले.

पहिला घाव बसला आणि धुरळा असा उठला की विचारू नकोस. विटांचा, चुन्याचा, मग रस्त्याचा. माझ्या भिंतीवर पांढरा थर. ट्रकाचा हॉर्न थेट कानात. मी डोळे चोळत मनात म्हणत होते, बघ, बघ, मी काय सांगत होते! भाऊसाहेब शिंकले, तोंडावर उपरणं धरलं. खिडकी हातभर मोकळी झाली, मग दोन हात, मग सगळी. धुरळा हळूहळू बसला. माझ्या पायांना काहीतरी लागलं. मी हौदाकडं बघितलं, पाणी थरथरत होतं.

मागून घोरण्याचा आवाज आला. भाऊसाहेबांची मान छातीवर पडली होती, टोपी मांडीवर, उपरण्याचं टोक हलत होतं. फायबरवाला टेप घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "घेऊ का माप?" बबननं ओठांवर बोट ठेवलं. तो बिचारा जिन्यावर बसून राहिला.

उन्हं कलल्यावर भाऊसाहेब दचकून उठले. "झोप न्हवती लागली," म्हणाले. "डोळं मिटलं हुतं नुस्तं." मग वर आभाळाकडं बघितलं, खाली हौदाकडं बघितलं, आणि उठता उठता बबनला म्हणाले, "त्याला सांग, माप नगं. आन् ही खुर्ची हितून हलवू नका कुनी."

तर झालं. चौक उघडा राहिला.

आता कावळ्याचं. तो इतक्या लगेच का शिवला, ते मला त्या फरशीवर बसल्यावर कळलं. तुझं काही उरलंच नव्हतं. तू माझ्याशी मिटवून टाकलं होतंस, मला न विचारता, न सांगता, बबनला गप्प बसवून. माझं तुझ्याशी मिटवायचं होतं ते अक्षय्यतृतीयेला, वाजतगाजत. तू थांबला नाहीस. आणि आता मी तुझी ती तडजोड घणानं फोडून टाकली आहे, म्हणजे भांडण पुन्हा चालू झालं. कावळ्याला काय सांगायचं ते तू बघ.

आज सकाळी साइटवर गेले. भिंत पुसायला कुणी आलं नव्हतं, म्हणून फडकं घेऊन मीच बसले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा पांढरं. तुला तेव्हाच विचारलं होतं, तू पुसणार आहेस का रोज, तर उत्तर दिलं नाहीस. तुझी खिडकी उघडी आहे, सोपान. वारा येतो. पण धूळ फार येते रे.